हळदीच्या मांडवात मस्कतचा पंखा

म्हसा गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी गोजरचं घर आहे. मुरबाडच्या गावागावांत आणि शहापूरच्या बाजूलाही तिला लोक ओळखतात ते तिच्या गळ्यामुळे. गोजर धवलारीण आहे. लग्नघरी हळद दळायला घेतल्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत ज्या-त्या विधीला जी गाणी म्हणतात त्यांना इकडे धवले म्हणतात, आणि ती म्हणणारी बाई ती धवलारीण. बँड उशिरा आला तर लोक चहा पीत बसतात. धवलारणीला उशीर झाला तर घरातल्या म्हाताऱ्या दारात येऊन उभ्या राहतात.

धवला एकटीने म्हणायची गोष्ट नव्हे. धवलारणीने ओळ टाकायची आणि मागे बसलेल्या बायकांनी ती झेलायची, म्हणजे तीच मागून म्हणायची. गोजर सासूच्या मागे बसून झेलायला शिकली, आणि सासूचा आवाज बसल्यावर पुढे बसून टाकायला लागली. सासूकडची सगळी गाणी तिला येत होतीच, पण तिची स्वतःची एक खोड होती. ती मांडवात नजर फिरवायची. नवरीचा मामा झोपेला आलेला दिसला की मामा गाण्यात यायचा. एखादी करवली आरशात बघत बसली असेल तर आरसा यायचा. बायका हसून हसून लोळायच्या आणि नवरीच्या डोळ्यांतलं पाणी जागीच थांबायचं. "मी डोळं मिटून गाणारी नाय," असं ती सांगायची. "नवरीचं तोंड बघितल्याबिगर माझी पुढची वळ येत नाय."

गेल्या वैशाखात सापगावला तिच्या भावाच्या, अनिलच्या मुलीचं लग्न निघालं. पूजा ही गोजरची लाडकी भाची. लहानपणी उन्हाळाभर आत्याकडे राहिलेली, आत्याच्या मागे मागे करवंदीच्या जाळ्यांत शिरलेली. तिच्या हळदीला काय काय म्हणायचं हे गोजरच्या मनात केव्हापासून तयार होतं. आणि लग्न तोंडावर आलेलं असताना विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून तिचा पाय सटकला. मुरबाडच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, "मावशी, पाय खाली सोडायचा नाही. गाडीतले धक्के तर अजिबात नकोत."

"सापगावपतुर बी नाय?" गोजरने विचारलं.

"सापगाव सोडा, मागच्या अंगणात पण नाही."

हाड मोडलं तेव्हा ती रडली नव्हती. घरी येऊन खाटेवर पडल्यावर पूजाचा फोन आला तेव्हा मात्र तिने आधी डोळ्यांना पदर लावला.

"आत्या, तू नाय आलीस तर मी पाटावर बसणार नाय," पूजा म्हणाली.

"असं बोलू नये गो. हळद काय थांबते का कोणासाठी?"

"मग फोनवरून म्हण. तसा पंकजदादा पण मोबाइलवरूनच बघणार हाय."

पंकज हा पूजाचा थोरला भाऊ. मस्कतला एका हॉटेलात एसी दुरुस्तीच्या कामावर. त्याला रजा मिळाली नव्हती, म्हणून त्याने बहिणीची हळद आणि लग्न बघता यावं यासाठी मोबाइलवरची मीटिंग ठरवली होती, आणि तिची लिंक सगळ्या नातेवाइकांना पाठवली होती. कोरोनात शाळेच्या पोरांसाठी जे अॅप सगळ्यांच्या फोनमध्ये आलं होतं तेच ते. आता त्या मीटिंगमध्ये आत्याही यायची ठरली. गोजरला हायसं वाटलं. तोंड दिसणार आणि आवाज जाणार, मग राहिलं काय?

सून प्रियांका मुरबाडला मोबाइलच्या दुकानात काउंटर सांभाळते. तिने आदल्या दिवशी संध्याकाळी सासूची तालीम घ्यायला सुरुवात केली. खाटेच्या कडेला बसून तिने फोन पुढे धरला.

"आई, हा बघा माईक. त्याच्यावर तिरपी रेघ आली का तुमचा आवाज बंद."

गोजरने चष्मा लावून बघितलं. "म्हंजे रेघ हाय तेवा बंद हाय, का रेघेवर दाबलं का बंद होईल?"

"रेघ हाय तेव्हा बंद. दाबलं का चालू."

"बरं. म्हंजे चित्र आता काय चाललंय ते सांगतंय."

"हां."

"मग ह्यो लाल फोन? आता तर फोन चालू हाय. मग लाल कशाला?"

"ते दाबलं का फोन बंद होईल."

"म्हंजे ह्यो पुढं काय होईल ते सांगतोय." गोजरने चष्मा काढला. "एक आताचं सांगतंय, दुसरं पुढचं सांगतंय. एका वळीत बसल्यात नि एकमेकांशी बोलत नाय. ही कोणाच्या घरची रीत?"

प्रियांका हसायला लागली. दुकानात रोज गिऱ्हाइकांना हीच बटणं शिकवताना तिला ही गोष्ट कधी सुचली नव्हती. तेवढ्यात गोजरचा नवरा बारकू, जो इतका वेळ दोरखंड वळत शांतपणे ऐकत होता, तो पुढे सरकला. फोनचं चित्र दिसतंय म्हणजे बोलायचं तिथेच, असं मनाशी ठरवून त्याने लाल बटण दाबलं आणि "हॅलो" म्हणाला. मीटिंग बंद झाली.

पुन्हा सुरू केली तर बटणंच दिसेनात.

"गेली कुठं?"

"बोट लावलं का येतात, आई. थोडा वेळ हात नाय लावला का आपोआप जातात."

"म्हंजे बोटाला हळद लागलेली असली तर फोन पिवळा करून घ्यायचा." मग तिचं लक्ष स्वतःच्या चेहऱ्याकडे गेलं. नथ भलत्या बाजूला होती. पदर नीट करायला तिने हात उचलला तर पडद्यावरची बाई दुसरीकडे गेल्यासारखी वाटली. ती पदर ओढायची तो आणखी घसरायचा. प्रियांकाने समजावलं की हा आरसा नाही, समोरच्याला आपण जसे दिसतो तसंच हे दिसतं.

"मग मला आरशासारखं दाखवायला काय झालं? मी काय माझ्याच समोर बसलेय?"

तरीही तालीम पार पडली. माईक कुठे ते तिला पाठ झालं आणि बारकूने परत बटणांच्या वाटेला जायचं नाही असं ठरलं.

हळदीच्या दिवशी दुपार कलताच घरात गडबड उडाली. घरात रेंज येत नाही. ती येते पडवीच्या एका कोपऱ्यात, म्हशीच्या दावणीजवळ. बारकूने आणि शेजाऱ्यांनी गोजरला खाटेसकट उचललं आणि त्या कोपऱ्यात आणून ठेवलं. भात मोजायची पायली पालथी घालून तिला टेकून फोन उभा केला. गोजरने हिरवी साडी नेसली होती, केसांत अबोली माळली होती. प्लास्टरवर प्रियांकाने ओढणी पांघरली. म्हैस मान वळवून फोनकडे बघत होती.

तेवढ्यात वरच्या पाड्यावरून लहानी आली. लहानी डोंगरातली, ठाकर आदिवासींतली. तिच्या घरची बोली वेगळी आणि गाणीही वेगळी. पण पावसाळ्यात गोजरच्या शेतावर लावणीला ती कित्येक वर्षं येत होती. चिखलात शेजारी शेजारी वाकून दोघींनी इतकं गाऊन घेतलं होतं की गोजरचे धवले लहानीला आणि लहानीची गाणी गोजरला अर्धीमुर्धी यायला लागली होती. पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन ती पाय बघायला आली होती. खाट पडवीत आणि धवलारीण नटलेली बघून ती दारातच थांबली.

"काय गो बाय, तुझंच लगीन हाय का?"

"माझ्या पूजाची हळद हाय. फोनवरून म्हणायचीय. बस इथंच."

लहानी खाली बसली आणि फोनकडे संशयाने बघत करवंदं खायला लागली.

मीटिंग सुरू झाली तेव्हा पडद्यावर लहान लहान चौकटी दिसायला लागल्या. एकीत मावशी, एकीत कोणाचं तरी कपाळ, एकीत नुसता अंधार. सापगावच्या मांडवातला फोन बांबूला बांधला होता. त्यात नवरी पाटावर बसलेली दिसत होती. पण मांडवात बसलेल्या आणखी चारचौघांनीही हौसेने आपापले फोन चालू करून तीच मीटिंग लावली होती. एका फोनचा आवाज दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. असली कर्कश शिट्टी उठली की म्हैस दावं ताणून उभी राहिली आणि लहानीने कानांत बोटं घातली.

पंकजने मस्कतहून एका फटक्यात सगळ्यांचे आवाज बंद केले. मीटिंग त्याने काढलेली, त्यामुळे तिचा मालक तो. कोणी पुन्हा परस्पर चालू करू नये म्हणून त्याने कुलूपही लावून टाकलं. शांतता झाली. मग त्याचा चेहरा मोठा दिसायला लागला.

"सगळ्यांनी ऐका. मी एकेकाचा आवाज चालू करीन. पहिली आत्या," तो म्हणाला. तेवढ्यात त्याच्या मागे कोणीतरी हिंदीतून हाका मारायला लागलं. वरच्या मजल्यावर एका पाहुण्याच्या खोलीतला एसी बंद पडला होता. "दोन मिनिटांत येतो," असं म्हणून त्याने फोन टेबलावर ठेवला आणि निघून गेला.

फोन उताणा होता. पडद्यावर मस्कतच्या खोलीचा पंखा दिसायला लागला.

आता झालं असं, की आवाज फक्त पंकजच्या फोनचा चालू होता, आणि ज्याचा आवाज त्याचं चित्र मोठं ही त्या अॅपची रीत. त्यामुळे पंखा पडदाभर. घरघर घरघर फिरतोय. पूजा खाली कोपऱ्यात टिकलीएवढी.

गोजरने माईकचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली.

"काय म्हणतंय?"

"मीटिंगवाला परवानगी देईल तेव्हाच बोलता येईल," प्रियांकाने वाचलं.

"मीटिंगवाला कुठाय?"

"एसीत," बारकू म्हणाला.

सापगावलाही सगळे फोनवर बोटं मारत होते. आवाज नसल्यामुळे तोंडं नुसती हलत होती. मग अनिलने साधा फोन लावला. "बाय, तुझा आवाज येत नाय."

"माझा काय, कोणाचाच येत नाय. तुझ्या लेकाने सगळ्यांची तोंडं बांधलीत नि गेला. त्याला सांग, सोड म्हणावं."

"त्याला फोन कसा लावू? त्याचा फोन तर टेबलावर पंखा दाखवतोय."

सापगाव, किन्हवली, कल्याण, जिथे जिथे नातेवाईक होते तिथले सगळे जण मस्कतचा पंखा बघत बसले. लहानीने विचारलं, "ह्यो तुमचा कुळदेव का?" बारकूने तोंडाला उपरणं लावलं.

गोजरला मात्र हसू येत नव्हतं. ती त्या टिकलीएवढ्या चौकटीकडे डोळे बारीक करून बघत होती. पूजा पाटावर, हातात नारळ, मान खाली. रडतेय का हसतेय काही कळायला मार्ग नाही. अनिलच्या साध्या फोनमधून मागचा कालवा ऐकू येत होता. कोणीतरी म्हणत होतं, "किती वेळ बसवायचं पोरीला? बॉक्सवर गाणी लावून टाका, हळदीची लई गाणी हायत मोबाइलमध्ये." आणखी दोघांनी हो ला हो केलं. गाणी लावली तर हळद लागेल. कोणाचं काही अडणार नाही. आपण इथे अबोली माळून म्हशीशेजारी बसलोय ते उगाच.

"लावू दे त्यांना," ती प्रियांकाला म्हणाली. "उचल ती पायली."

पण अनिलच्या फोनमधून पूजाचा आवाज आला. लांबून आला, तरी स्पष्ट आला. "बॉक्स लावला तर मी पाटावरून उठेन. आत्या म्हणेल तेव्हा हळद लावा."

गोजरने पदराने चष्मा पुसला आणि पालथ्या पायलीकडे बघून म्हणाली, "राहू दे. असू दे तिथंच."

प्रियांका जिद्दीला पेटली होती. दुकानात गिऱ्हाइकाचा फोन हातात घेतल्यावर ती हार मानायची नाही, मग घरात कशी मानणार? तिने सगळ्या पट्ट्या उघडल्या, सगळी टिंबं दाबून बघितली. एकदा गोजरच्या डोक्यावर मांजराचे कान आले. एकदा पडवी जाऊन मागे समुद्रकिनारा आला आणि म्हशीची फक्त शिंगं त्यातून वर आली. नातेवाइकांना ते दिसत होतं. एका चौकटीतली मावशी तोंड दाबून हसताना दिसली. पण कुलूप काही निघेना.

आणि मग सगळ्या चौकटी एकदम गेल्या. पंखाही गेला. पडदा पांढरा झाला.

"मी काय नाय केलं," बारकूने आधीच सांगून टाकलं.

प्रियांकाने पाटी वाचली आणि ती खुलली. फुकटच्या मीटिंगला वेळेची मर्यादा असते. वेळ संपला की अॅप सगळ्यांना हाकलून देतं. एरवी लोक ह्या गोष्टीला शिव्या घालतात. "आई, मीटिंग संपली म्हंजे दादाची मालकी पण संपली. आता मी तुमच्या फोनवरून नवीन काढते. मालकीण तुमी."

"मी? मला काय करावं लागंल?"

"कोणाचं तोंड बंद, कोणाचं चालू, सगळं तुमच्या हातात."

"मग काढ लवकर."

नवीन लिंक सापगावला गेली, पंकजला आणि बाकीच्या नातेवाइकांनाही गेली. प्रियांकाने अनिलला ताकीद दिली की मांडवात फक्त बांबूवरचा फोन चालू राहील, बाकीच्यांनी आपापले फोन खिशात घालायचे. ह्या वेळी शिट्टी वाजली नाही. गोजरने देवाचं नाव घेतलं, गळा साफ केला आणि पहिली ओळ टाकली.

हळद आली गो डोंगराच्या वाटेनं...

"बाय," सापगावहून अनिल म्हणाला, "हळद आली इतकं ऐकू आलं, मग गेलं."

"काय गेलं?"

"आवाज गेला. मग मधीच 'टेनं' आला."

गोजरने पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. बोलली की ऐकू जायचं, गायला लागली की जायचं. सूर जितका लांबवावा तितका तिकडे गडप. प्रियांकाला कारण कळलं तेव्हा ते सासूला कसं सांगावं हेच तिला कळेना.

"आई, हे अॅप ना, आजूबाजूचा गोंगाट आपोआप काढून टाकतं. गाडीचा, मिक्सरचा, पंख्याचा."

"पंखा तर सगळ्यांनी बघितला. तो नाय काढला."

"तो दादाच्या फोनमध्ये... ते राहू द्या. तुमचा लांब सूर त्याला गोंगाट वाटतोय."

सासूच्या सासूपासून चालत आलेला सूर मिक्सरमध्ये जमा झालेला बघून गोजरला राग यावा का हसू यावं ते ठरेना. शेवटी तिला हसू आलं. आणि ते आलं ते थांबेचना. खाट हलायला लागली, प्लास्टरचा पाय दुखायला लागला, तरी थांबेना. "ज्याने हे बनवलं," ती दम घेत म्हणाली, "त्याच्या हळदीला कोणी धवला नाय म्हटला गो. बिचारा."

प्रियांकाला ती जागा सापडली. सेटिंगच्या आत आणखी एक सेटिंग, त्याच्या आत आवाज, त्याच्या तळाशी मूळ आवाज तसाच ठेवायची सोय. कोणाला सापडू नये म्हणूनच ठेवल्यासारखी. तिने ती चालू केली.

हळद आली गो डोंगराच्या वाटेनं,
पाटावर बसली पूजा मोठ्या थाटानं...

सापगावच्या मांडवात आवाज भरला. बायकांनी ओळ झेलली. पण ती गोजरकडे पोचेपर्यंत गोजरची दुसरी ओळ सुरू झालेली. ती थांबली तर त्या थांबल्या. तिने सुरू केलं तर त्यांनीही केलं. अरुंद बांधावर समोरासमोर आलेली दोन माणसं जशी एकाच बाजूला सरकतात तसं व्हायला लागलं. मग गोजरला कळलं की ही अडचण कुठल्या बटणात नाही. लांबचा आवाज उशिराच येणार.

तिने खाली बघितलं. लहानीची करवंदं संपली होती.

"लहाने, तू झेल."

"मी? तुमची गाणी?"

"लावणीला काय म्हणत होतीस मग? चल. नि अनिलला सांगा, तिकडच्या बायकांनी गायचं नाय. हळद लावा नुसती."

लहानीने हात पदराला पुसले आणि बैठक सावरली. गोजरने ओळ टाकली, लहानीने झेलली. लहानीचा आवाज पातळ आणि उंच. शब्दांना तिच्या बोलीचं वळण. सापगावच्या बायकांनी असा धवला कधी ऐकला नव्हता. पण तो चालला. एकीमागून एक ओळ पुढे सरकायला लागली. करवल्यांनी हळद हातात घेतली. म्हैसही खाली बसली.

तरी गोजरच्या मनात एक रुखरुख होतीच. पडद्यावर आता तिचं स्वतःचंच तोंड मोठं दिसत होतं, नाहीतर लहानीच्या हाताचं कोपर. आवाज करील त्याला मोठं करायचं, आणि हळदीच्या पाटावरची नवरी तर गप्प बसलेली. ती मोठी दिसणार कशी? गोजर स्वतःची नथ बघत गात होती. ओळी सासूच्या येत होत्या, तिच्या स्वतःच्या येत नव्हत्या.

मग करवंदीचा धवला आला. तो गोजरने पूजासाठीच मनात जुळवून ठेवला होता.

काटा रुतला गो, बोट माझं धरलंस,
जाळीतलं करवंद कोणासाठी भरलंस...

मांडवात सगळे गप्प होते. धवला ऐकायला म्हणूनच गप्प होते. आणि त्या शांततेत पूजाला हुंदका फुटला. बांबूवरच्या फोनने तो ऐकला. पडद्यावरची गोजर बाजूला सरकली आणि तिच्या जागी पूजा आली, पडदाभर. गालांवर हळद, हळदीवरून ओघळलेलं पाणी, नाक लाल झालेलं. शेजारी तिची आई पदराने तिचे डोळे पुसत होती आणि हळद आणखीच पसरवत होती.

"आली गो माझी बाय," गोजर गाणं तोडून म्हणाली. इतका वेळ अडलेलं सगळं मग मोकळं झालं. नवरीचं पिवळं नाक गाण्यात आलं. अनिलची वाकडी टोपी आली. बांबूवर चढून बसलेला फोन आला, आणि नवऱ्याच्या घरी बटणं नसलेला माणूस मिळो असा आशीर्वाद आला. पूजा रडता रडता हसायला लागली, आणि हसण्याचाही आवाज होतोच, म्हणून ती पडद्यावरून हलली नाही.

मध्येच फोन टिंग वाजला. प्रियांका म्हणाली, "आई, पंकजदादा आले. बाहेर थांबलेत. तुमी घेतलं तरच आत येतील."

गोजरने गाता गाताच हाताने थांब अशी खूण केली. तो धवला पुरा झाला, पुढचा सुरू झाला. पंकज बाहेरच होता.

"घे आता त्याला," बारकू म्हणाला. "पोर परदेशात हाय."

"घेते ना. जरा कळू दे त्याला बाहेर कसं वाटतं."

दुसरा धवला संपल्यावर तिने स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. घामाघूम पंकज पडद्यावर आला आणि बघतच राहिला. बहिणीला हळद लागून गेली होती.

"आत्या, मला वाटलं तुमी सगळे माझी वाट बघत असाल," तो म्हणाला.

"बघितली रे बाबा. तुझा पंखा बघत बघत बघितली." आणि मग तिचा आवाज मऊ झाला. "बस आता. नवरीच्या भावाचा धवला तेवढा मी राखून ठेवलाय."

त्यात तिने त्याला समुद्रापलीकडून आणला, मांडवाच्या दारात उभा केला, बहिणीच्या कपाळाला हळद लावायला लावली. पंकजने बोट पुढे केलं आणि स्वतःच्या फोनच्या काचेवर टेकवलं. तिकडे पूजाने मान पुढे केली. बांबूवरचा फोन आणि तिचं कपाळ यांत हातभर अंतर होतं, पण मांडवातल्या कोणालाही ते खटकलं नाही. लहानीने ओळ झेलली ती जरा भिजलेल्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी लग्नही तसंच पार पडलं. फक्त ह्या वेळी मीटिंग पहिल्यापासून गोजरच्या फोनवरून निघाली, आणि वेळ संपायच्या आत प्रियांका नवीन काढून ठेवत गेली. लग्नानंतर सोळाव्या दिवशी पूजा आणि तिचा नवरा संदेश जोडीने आत्याला भेटायला आले. संदेशने खाली वाकून प्लास्टरच्या पायाला नमस्कार केला तेव्हा गोजर म्हणाली, "तो नको, दुसऱ्याला कर. तो अजून कामाला लागायचाय."

त्यानंतर गोजरला लांबलांबून फोन यायला लागले. मुरबाडचीच, पण आता पुण्यात राहणारी माणसं फोनवरून धवले म्हणाल का असं विचारायला लागली. काहींना तिने हो म्हटलं, काहींना सांगितलं की पाय बरा झाला की गाडी पाठवा, मीच येते. भात कापून झालं तोवर ती काठीशिवाय चालायला लागली होती.

थंडीत लहानीच्या लेकीचं, दिपिकाचं लग्न होतं. गोजर हळूहळू, मध्ये मध्ये बसत, पाड्यावर चढून गेली. लहानीने तिला पुढे बसवायला घेतलं तर ती ऐकेना. पाड्यावरची गाणारी एक म्हातारी होती, तोंडात दात नाही पण सूर पक्का. तिच्या मागे गोजर बसली आणि त्यांच्या बोलीतली गाणी झेलायला लागली. निम्मे शब्द चुकत होते. एका ठिकाणी तिने असा काही शब्द म्हटला की सगळा मांडव हसून फुटला, आणि लहानीने तिच्या कानात सांगितलं की तू आत्ता नवऱ्याला कोंबडा म्हणालीस. नवरा भगीरथही हसत होता. म्हातारीने मागे वळून बघितलं, मान हलवली, आणि पुढच्या ओळीत तिने स्वतःच कोंबडा घातला.

गोजरने ती ओळ झेलली, मोठ्याने.